फंक्शन तयार, कॉल बाकी

वेलांटीसाहेबांना संगणकानं एका अपूर्णविरामासाठी अडवून धरलं होतं आणि वेलांटीसाहेब त्यावर बेहद्द खूश होते.

"ऐकलंस का?" ते स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडले. "ओळीच्या शेवटी दोन टिंबं द्यायची राहिली, तर हा पठ्ठ्या पुढे सरकायलाच तयार नाही. याला म्हणतात शिस्त!"

"काम करायला तयार नसलेल्या वस्तूला लोक दुरुस्तीला टाकतात," आतून त्यांची पत्नी म्हणाली. "आणि तुम्ही पडद्याचे हूक लावून देणार होतात, त्याचं काय झालं?"

पडद्याचं काहीच झालेलं नव्हतं. तो एका टोकानं लोंबत होता आणि त्याच्याखाली बसून वेलांटीसाहेब प्रोग्रॅमिंग शिकत होते.

वेलांटीसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी एका छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं. मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या, एवढंच काम. पण ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की मालकापासून बाइंडरपर्यंत एकही माणूस ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांची बोलणी खाल्ल्याशिवाय सुटला नाही. नाव तिथंच पडलं. शेवटी छापखान्यानं चुका शोधणारा एक प्रोग्रॅम विकत घेतला आणि मालक म्हणाले, "साहेब, आता विश्रांती घ्या." निरोपाच्या दिवशी भिंतीवर फलक होता, त्यात 'समारंभ' या शब्दावर एक अनुस्वार जादा होता. वेलांटीसाहेबांनी तो दाखवला नाही. त्या दिवशी चष्म्याची काच सारखी ओली होत होती, त्यामुळे दिसलाच नाही, असं ते सांगतात.

घरी बसल्यावर थोड्या दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, "ज्यानं माझी खुर्ची घेतली, त्याची भाषा तरी मला कळू दे."

हे झालं जगाला सांगायचं कारण. दुसरंही एक कारण होतं आणि ते त्यांनी स्वतःलाही नीटसं सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे ताई.

ताई त्यांच्याहून मोठ्या. पती लवकर गेले, दोन्ही मुलींना त्यांनी एकटीनं वाढवलं. थोरलीचं लग्न ठरलं तेव्हा निमंत्रणाचा मजकूर कुणाकडूनही लिहून न घेता त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः छापून आणला आणि पहिली पत्रिका कौतुकानं भावाकडे पाठवली. भावानं ती वाचली. 'आपण अगत्य उपस्थीत राहावे' या ओळीतल्या 'थी'भोवती लाल गोल काढला, समासात 'ऱ्हस्व' असं लिहिलं आणि पत्रिका परत पाठवून दिली. तोवर सगळ्या पत्रिका छापून झाल्या होत्या, अर्ध्याअधिक वाटूनही झाल्या होत्या.

"लग्नाला ये," ताईंनी फोनवर एवढंच सांगितलं, "पण तुझं ते लाल पेन घरी ठेवून ये."

वेलांटीसाहेब लग्नाला गेले आणि खिशात लाल पेन होतं. मुद्दाम नेलं नव्हतं हो. शर्टाला बटणं असतात तसं त्यांच्या खिशाला पेन होतं, ते काढायचं असतं हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. ताईंनी आधी खिशाकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि त्यानंतर आजतागायत भावाकडे पाहिलेलं नाही.

आता खरी अडचण अशी की शब्द चुकलाच होता. माणूस चुकलेला असला तर माफी मागून मोकळा होतो. बरोबर असलेल्या माणसानं माफी कशाची मागायची? या एका प्रश्नापाशी वेलांटीसाहेब कैक वर्षं अडून बसले होते. वर्षातून दोनदा फोन हातात घ्यायचे, 'ताई' या नावावर बोट ठेवायचे आणि पुन्हा खिशात टाकायचे.

ताईंची धाकटी मुलगी संगणकाच्या कंपनीत होती. आईजवळच राहायची, घरूनच काम करायची. प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हटल्यावर वेलांटीसाहेबांनी गावभर क्लास चालू असताना फोन केला तो या भाचीला.

"मामा, तुम्ही? प्रोग्रॅमिंग?"

"का? मला अक्षरओळख आहे."

भाची हसली नाही, हा तिचा मोठेपणा. "मग असं करा," ती म्हणाली. "आधी एकच भाषा धरा. दहा माणसं दहा भाषांची नावं सांगतील, कुणाचं ऐकू नका. रोज थोडं करा, पण रोज करा. नुसतं वाचत बसू नका, हातानं लिहा. छोटंसं काहीतरी लिहायचं, चालवायचं, मोडलं की बघायचं कुठं मोडलं."

"मोडलं की?"

"मोडणारच ना मामा. चुका होऊ द्या. चुकल्याशिवाय हे येतच नाही कुणाला."

चुका होऊ द्या! आग विझवणाऱ्या माणसाला 'जरा जळू द्या की' म्हणावं, तसं वेलांटीसाहेबांना झालं. पण गुरू तो गुरू. त्यांनी मान डोलावली, जी भाचीला फोनवर दिसली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी संगणकाच्या पडद्यावर 'नमस्कार' हा शब्द उमटवून दाखवला. पत्नी पदरी पडलेलं पवित्र करून घ्यावं तशी चष्मा लावून ते बघायला आली. "यासाठी एवढा खटाटोप?" ती म्हणाली. "नमस्कार तुम्ही उठूनही करू शकला असतात." पण वेलांटीसाहेबांना आता गोडी लागली. अमुक झालं तर तमुक कर, तेच काम पुन्हा पुन्हा कर, असे एकेक धडे मागे पडत गेले. संगणक रोज चूक दाखवायचा, कुठल्या ओळीत आहे तेही सांगायचा आणि वर तोंड वाकडं करायचा नाही. असा सहकारी त्यांना छापखान्यात कधी मिळाला नव्हता.

संध्याकाळ झाली की भाचीला फोन. तिचे हात बटणांवर असायचे म्हणून ती फोन स्पीकरवर टाकायची, आणि त्यामुळे पलीकडचं अख्खं घर इकडे ऐकू यायचं. ताईंचा टीव्ही ऐकू यायचा. मधूनच ताईंचा खोकला यायचा. वेलांटीसाहेब बोलायला लागले की मात्र हमखास टीव्ही बंद व्हायचा, खोकलाही थांबायचा. 'आपला आवाज ऐकला की उठून आत जाते,' असं म्हणून वेलांटीसाहेब पुढची शंका विचारायचे. शंका नसली तरी विचारायचे. कळलेलीच गोष्ट ते पुन्हा समजावून घ्यायचे, एवढ्यासाठी की फोन लावल्याबरोबर, टीव्ही बंद होण्याआधी, तो खोकला एकदा कानावर पडावा.

असं सगळं सुरळीत चालू असताना धडा आला तो 'फंक्शन'चा.

आपल्याकडे फंक्शन म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फंक्शन म्हणजे समारंभ. माणसं बोलवायची, खुर्च्या मांडायच्या, फोटो काढायचे. प्रोग्रॅमिंगमध्ये मात्र चार ओळींचं एखादं काम एका नावाखाली बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला फंक्शन म्हणतात. आणि हवं तेव्हा त्या नावानं त्याला हाक मारतात, त्या हाकेला कॉल म्हणतात. काम झाल्यावर गाठोडं जे उत्तर परत देतं, ते रिटर्न. हे भाचीला माहीत होतं आणि आता वेलांटीसाहेबांनाही माहीत झालं होतं. बाकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या संध्याकाळी भाचीच्या खोलीचं दार उघडं होतं.

"झालं का फंक्शन, मामा?"

"तयार आहे. पण काही होतच नाही गं."

"कॉल केलंत का?"

"नाही बुवा."

"मग कसं होणार? फंक्शन नुसतं तयार ठेवून काय उपयोग? कॉल करायला नको?"

"आणि हे आर्ग्युमेंटचं काय? पुस्तकात म्हणतात, आर्ग्युमेंट द्या."

"आत्ता आर्ग्युमेंट नको. पहिलंच फंक्शन आहे, आर्ग्युमेंटशिवाय होऊ दे. ते मागाहून बघू."

"बरं झालं बाई. मलाही तेच बरं."

"आणि आतलं आतच राहू दे. फंक्शनच्या आत काय चाललंय ते बाहेर कुणाला कळता कामा नये, तेच चांगलं असतं."

"रिटर्न काय द्यायचं?"

"काही नको. प्रत्येक फंक्शनला रिटर्न द्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?"

"मग कॉल कधी करायचा?"

"रविवारी पाचला मी येतेय ना तुमच्याकडे, तेव्हाच करू."

बाहेरच्या खोलीत ताईंनी हे सगळं ऐकलं आणि त्यांना सगळं कळलं. हीच तर पंचाईत झाली. काहीच कळलं नसतं तर त्यांनी विचारलं असतं.

इथं 'ध'चा 'मा' कुणीही केला नव्हता. प्रत्येक शब्द होता तसाच ताईंच्या कानापर्यंत पोचला होता, फक्त अर्थ वाटेत उतरून गेला होता. छोट्याकडे रविवारी पाच वाजता फंक्शन आहे. 'छोट्या' म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, साठी उलटलेला. कॉल कुणालाच केलेला नाही, कारण ताई आली तर आर्ग्युमेंट होईल. बाहेर कळता कामा नये. पाहुण्यांना रिटर्न गिफ्टसुद्धा द्यायची नाही, तो चिक्कूपणा पहिल्यापासूनचाच. आणि या सगळ्या कटात आपली पोटची पोर सामील! ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. पोट बिघडलंय म्हणाल्या.

सकाळी त्यांनी सगळ्यात धाकट्या भावाला फोन लावला. त्याचा फोटो स्टुडिओ होता.

"तुला बोलावलंय का रे?"

"कशाला, ताई?"

"म्हणजे तुलाही नाही," ताई म्हणाल्या. त्यांना क्षणभर बरं वाटलं आणि मग दुप्पट वाईट वाटलं.

धाकट्याला बोलावणं नसल्याचं तितकंसं वाईट वाटलं नसतं. पण घरचं फंक्शन आणि फोटोग्राफर बाहेरचा, या विचारानं त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं दादाला फोन केला.

"दादा, फंक्शन आहे म्हणे."

"अरे! तुझ्यापर्यंत आलं का?" वेलांटीसाहेबांना आनंद झाला. धाकट्यानं त्यांच्या अभ्यासाची चौकशी आजवर कधी केली नव्हती. "छोटंसंच आहे रे. दोन ओळींचं."

"दोनच ओळी?" धाकट्यानं मनातल्या मनात खुर्च्या मांडल्या. "जरा मोठं नाही करायचं?"

"मी करणार होतो मोठं. पण भाची म्हणाली, एक मोठं करण्यापेक्षा छोटी छोटी भरपूर करा. आता पुढच्या आठवड्यात पाच-सहा होतील. मेन फंक्शन सगळ्यात शेवटी."

धाकट्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि दादा... फोटो?"

"काढला की! भाचीलाच पाठवला फोनवरून. छान आलाय."

धाकट्यानं फोन ठेवला. पाच-सहा फंक्शनं, वर एक मेन, आणि फोटो फोनवरून! स्टुडिओतल्या खुर्चीत तो काही वेळ नुसता बसून राहिला. मग न राहवून त्यानं वहिनीला फोन केला. "वहिनी, मी काही मागत नाही," तो म्हणाला, "पण रविवारचं फंक्शन तुम्ही माझ्यापासूनसुद्धा लपवावंत?"

वहिनीला रविवारी कसलंच फंक्शन ठाऊक नव्हतं. पण रविवारी काय आहे हे मात्र चांगलं ठाऊक होतं. रविवारी त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. चाळिसावा.

ती फोन ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर नवरा खाली मान घालून संगणकावर काहीतरी बडवत होता. म्हणजे हे असं आहे तर! प्रोग्रॅमिंगचं निमित्त, रोज संध्याकाळी भाचीशी कुजबुज, आणि आपल्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. इतक्या वर्षांत ज्यानं एकदाही वाढदिवस लक्षात ठेवला नाही, त्यानं सगळे एकदम भरून काढायचे ठरवले होते. तिचे डोळे भरून आले. आपल्याला कळलंय हे कळू द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं.

तिथून वेलांटीसाहेबांचं नशीब पालटलं. न मागता चहा येऊ लागला. पडद्याच्या हुकांचा विषय बंद झाला. पत्नी येता-जाता त्यांच्या खुर्चीमागे थांबायची आणि काही न बोलता निघून जायची. 'विद्येला मान असतो,' असा अर्थ वेलांटीसाहेबांनी काढला. शनिवारी शेजारच्यांकडून खुर्च्या यायला लागल्या तेव्हा मात्र त्यांनी वर पाहिलं.

"एवढ्या कशाला?"

"असू द्यात," ती लाजून म्हणाली. "मला काहीच माहीत नाही असं समजा."

वेलांटीसाहेबांनी तसं समजून पुन्हा मान खाली घातली. जन्मभर त्यांनी मजकूर तपासला होता. आशय ही लेखकाची जबाबदारी.

रविवारी पाच वाजता भाची आली. खोलीभर मांडलेल्या खुर्च्या आणि नव्या कपड्यांतली मामी पाहून ती दारातच थबकली. तिनं काही विचारण्याआधी तिच्या मागून धाकटा आत शिरला, एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर तीन पायांचं स्टँड.

"कॉल नसताना आलोय," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "फोटो काढतो आणि जातो. जेवणार नाही."

आणि त्याच्या मागून ताई.

ताईंच्या हातात फुलांचा गुच्छ होता आणि चेहरा सांत्वनाला आल्यासारखा. वेलांटीसाहेब उठून उभे राहिले. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला; पेन तिथंच होतं. त्यांनी ते तळव्यानं झाकून धरलं.

"घाबरू नकोस," ताई म्हणाल्या. कित्येक वर्षांनी त्या भावाशी बोलत होत्या. "आर्ग्युमेंट करायला आलेले नाही. फुलं ठेवते आणि निघते. होऊ दे तुझं फंक्शन."

"ताई, तू..."

"आर्ग्युमेंटशिवाय होऊ दे म्हणे! मी काय एवढी भांडकुदळ आहे? पाठच्या भावाच्या घरी मला कॉल नाही, आणि माझी पोर सांगते, बाहेर कुणाला कळू देऊ नका!"

भाचीनं कपाळाला हात लावला. "आई! अगं ते फंक्शन म्हणजे फंक्शन नव्हे! आर्ग्युमेंट म्हणजे फंक्शनला बाहेरून देतात ते..."

"म्हणजे भेट? फुलंही चालत नाहीत?"

"नाही गं! आम्ही कॉल केला असता ना, पण मी येईपर्यंत थांबलो होतो!"

"तुझ्या परवानगीवाचून बहिणीला कॉल करायचा नाही, इथवर गेलं का प्रकरण?"

भाची जितकं समजावत होती तितकं प्रकरण चिघळत होतं. धाकट्यानं कॅमेऱ्याचं झाकण काढून पुन्हा लावलं. वेलांटीसाहेब यातलं काहीच ऐकत नव्हते. एका शब्दापाशी ते अडकले होते, ओळीत काहीतरी खटकलं की अडकायचे तसे.

"थांब," ते म्हणाले. "तू हे सगळं ऐकलंस कसं?"

"कान आहेत मला."

"पण मी बोलायला लागलो की तू टीव्ही बंद करून आत जायचीस ना?"

"आत?" ताई चिडून म्हणाल्या. "आत कशाला जाऊ? टीव्ही बंद केल्याशिवाय तुझं बोलणं ऐकू कसं येणार?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. त्यांनी गुच्छ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. वेलांटीसाहेबांनी खिशावरचा तळवा काढला.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज कुठं," ताई फुलांकडे बघत म्हणाल्या. "तू फोन करायचास तेव्हाच."

शेवटी भाचीनं आईला खांद्याला धरून संगणकासमोर बसवलं आणि फंक्शन म्हणजे काय, कॉल म्हणजे काय, हे पहिल्यापासून सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं. धाकट्यानं ऐकलं, आणि पुढच्या आठवड्यातली पाच-सहा फंक्शनं हातची गेली म्हणून उसासा टाकला. पण सगळ्यात लक्ष देऊन ऐकलं ते वहिनीनं. ऐकून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "म्हणजे आज दुसरं काहीच नव्हतं?"

वेलांटीसाहेबांनी तिच्या नव्या कपड्यांकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात गेलेल्या त्या माणसाला आज स्वतःची एक चूक, कुणी खूण न करता, दिसली.

"होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझं वाचायचं राहिलं."

वहिनी एकेक खुर्ची भिंतीकडे सरकवायला लागली. तेव्हा धाकटा पुढे सरसावला. "हे बघा, माणसं आली, खुर्च्या आल्या, फुलं आली, फोटोग्राफर आला. आता याला फंक्शन म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? वहिनी, तुम्ही इथं बसा. चेहरा जरा इकडे."

"खुर्च्या मी आणल्यात," वहिनी म्हणाली. पण बसली.

मांडामांड सुरू झाली. ताई मात्र संगणकासमोरून हलल्या नव्हत्या. "मग ते तुझं फंक्शन कॉल तर कर," त्या म्हणाल्या. "बघू दे मला, कशासाठी उपाशी राहिले ते."

"एक मिनिट हं," वेलांटीसाहेब म्हणाले. "पुढचा धडा वाचून ठेवलाय मी, तोही घालतो. ते आर्ग्युमेंट." ते बटणांवर वाकले. एकेक अक्षर शोधून त्यांनी काहीतरी लिहिलं, एकदा थांबले, एकदा मागे वळून खोलीकडे पाहिलं आणि पुन्हा लिहिलं.

"आर्ग्युमेंट म्हणजे भांडण नाही ताई," ते म्हणाले. "इथं कंस असतो. तो मी आजवर रिकामा ठेवला होता. कुणाला बोलवायचं त्याचं नाव त्यात घालायचं असतं, एवढंच."

त्यांनी कंसात 'ताई' असं लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर ओळ उमटली:

ताई, आपण अगत्य उपस्थीत राहावे.

ताईंनी ती वाचली. चष्मा नाकावर वर सरकवून पुन्हा वाचली. मग त्या पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की नाक टेकलं असतं, आणि त्यांनी एका अक्षरावर बोट ठेवलं.

"छोट्या," त्या म्हणाल्या, "'थि' पहिली."

"काय?"

"'उपस्थित'मधली वेलांटी पहिली. ऱ्हस्व. तू दुसरी दिलीयस."

वेलांटीसाहेबांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. निदान पाहणाऱ्यांना तसं वाटलं. "खरंच की," ते म्हणाले. "चुकलं माझं, ताई."

"लाल पेन आहे का घरात?" ताईंनी विचारलं.

त्यांनी खिशातलं पेन काढून दिलं. ताईंनी टोपण काढलं आणि संगणकाच्या काचेवर, त्या अक्षराभोवती, चांगला ठसठशीत गोल काढला. कडेच्या पट्टीवर 'ऱ्हस्व' असं लिहिलं. मग पेनाला टोपण लावून त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

"अहो, निघेल ना ते काचेवरून?" वहिनी खुर्चीतून म्हणाली.

"राहू दे," वेलांटीसाहेब म्हणाले. धाकट्यानं तेवढ्यात फोटो काढला. त्यात ताईंचं नाक लाल आलं आहे, आणि दादाचे डोळे मिटलेले.

निघायची वेळ झाली. ताई दाराबाहेर चपला शोधत होत्या, धाकटा स्टँड घेऊन जिना उतरत होता. भाची मामाजवळ रेंगाळली.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "परवा तुम्ही या फंक्शनचा फोटो मला पाठवला होतात. त्यात तो शब्द बरोबर होता."

वेलांटीसाहेबांनी आधी दाराकडे पाहून घेतलं. ताईंना एकच चप्पल सापडली होती, दुसरी मिळत नव्हती.

"तूच म्हणाली होतीस ना," ते म्हणाले, "चुका होऊ द्या."

मग त्यांनी एक खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि पडद्याचे हूक लावायला वर चढले.